हतनूरचं घरटं

मोरघार खानदेशात घरटं करत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. ऑक्टोबरच्या सुमाराला ती उत्तरेकडून येते, तापीच्या पाण्यावर, धुळ्याच्या नकाणे तलावावर मासे मारत हिवाळा काढते आणि मार्च-एप्रिलात परत निघते. तिची वीण हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे, मध्य आशिया-सायबेरियाच्या नद्या-तळ्यांकाठी होते. पक्ष्यांच्या कुठल्याही पुस्तकात हे पहिल्या चार ओळींत दिलेलं असतं. तरीही पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका मार्चमध्ये मी हतनूरला मोरघारीचं घरटं सापडल्याचं जाहीर केलं, तेही पिल्लासकट. त्या घरट्याचं पुढे जे झालं, त्याला मीच कारण होतो. ही गोष्ट मी ओळखीच्यांना तोंडी सांगितली आहे. लिहिली मात्र कधीच नाही.

हतनूरचं धरण भुसावळ तालुक्यात, तापीवर. ४१ दरवाज्यांचं. धरणाच्या वर चांगदेवपाशी पूर्णा तापीला मिळते आणि तिथून खाली दोन्ही नद्यांचं अडलेलं पाणी ऐसपैस पसरतं. गाळामुळे बराचसा भाग उथळ झाला आहे, म्हणून थंडीत चक्रवाक, थापट्या, तलवार बदक यांचे थवे उतरतात. वरणगावच्या चातक निसर्ग संवर्धन संस्थेच्या मंडळींनी इथल्या पक्ष्यांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या आहेत. मी भुसावळला रेल्वेत होतो. रात्रपाळी संपली की घरी जायच्याऐवजी मोटारसायकल काढून बॅकवॉटरला जायचो. सोबत दुर्बीण, एक जुना टेलिस्कोप आणि वही.

त्या वहीत या चुकीचं मूळ आहे. ऐन मे महिन्यात, जळगाव जिल्ह्यात पारा ४५च्या वर असताना, मला हतनूरला मोरघार दिसलेली होती. एकदा नव्हे, वेगवेगळ्या वर्षी. इतर सगळ्या परत गेल्यावर ही एखादी मागे का राहते? प्रत्येक वेळी मी नोंदीपुढे कंसात लिहायचो : ‘वीण?’ त्या प्रश्नचिन्हावर मी काही वर्षं जगलो, असं म्हटलं तरी चालेल. आपल्या धरणावर, आपल्या जिल्ह्यात, या पक्ष्याचं घरटं आपल्याला सापडावं, अशी इच्छा मनात धरून बसलो होतो. इच्छा मनात असली की माणूस फक्त पुरावा गोळा करत जातो. माझं तसंच झालं.

मार्चमध्ये पाणी ओसरतं. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत टरबुजाच्या वाड्या लागतात. अशाच एका वाडीच्या वरच्या अंगाला, बांधावर, एक मोठा निंब होता. त्याच्यापासून थोड्या अंतरावर पाण्यात बुडून वाळलेली बाभूळ उभी होती. बाभळीच्या शेंड्यावर मोरघार बसलेली, पंज्याखाली मोठा मासा. आणि निंबाच्या वरच्या बेचक्यात काटक्यांचं घरटं, त्यात वाढलेलं पिल्लू.

टेलिस्कोप लावला. दहा वाजून गेले होते, गाळावरून गरम हवेच्या लाटा उठत होत्या आणि चित्र हलत होतं. पिल्लू घरट्यात खाली दबून बसलं होतं. काठावरून डोकं आणि पाठ एवढंच दिसत होतं. पाठ तपकिरी, आणि पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट, पिवळसर कड. माथ्यावर फिकट रेघा. डोळ्यामागे गडद पट्टा. मोरघारीच्या पिल्लाचं वर्णन मला तोंडपाठ होतं : पाठीच्या पिसांना फिकट कडा, त्यामुळे पाठ खवल्याखवल्यांची दिसते, डोळ्यातून मागे गेलेला काळपट पट्टा. ते सगळं माझ्या समोर होतं. मग टेलिस्कोप बाभळीकडे वळवला. तिथल्या मोरघारीची पाठ एकसारखी तपकिरी, कुठे खवले नाहीत. म्हणजे ही मोठी, ते पिल्लू. आई आणि मूल.

दोन साध्या घारी त्या मोरघारीवर सारख्या झेपावत होत्या. ती मासा घेऊन बाभळीवरच चिकटून बसली होती. मी वहीत लिहिलं : ‘घारींचा उपद्रव, मासा हिसकावण्याचा प्रयत्न.’ त्या घारी कुणापासून काय वाचवत होत्या, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही.

पिल्लाचं पोट मी पाहिलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मोरघार खालून पांढरी असते, पिल्लूसुद्धा. घारीचं पिल्लू खालून तपकिरी आणि फिकट फराट्यांचं असतं. पण पाठीवर, आणि हे मी नंतर शिकलो, घारीच्या पिल्लालाही फिकट टोकांची पिसं असतात आणि डोळ्यामागे गडद डाग असतो. मी पुस्तकात मोरघारीचं पान वाचलं होतं. घारीचं पान वाचायची गरजच वाटली नव्हती. घार रोज भुसावळ स्टेशनावर डोक्यावर फिरते, तिचं काय वाचायचं, असं वाटायचं.

साधा हिशेब केला असता तरी चाललं असतं. मोरघारीची अंडी उबायला साधारण ३७ दिवस लागतात आणि पिल्लू उडायला पुढे ५०-५५ दिवस. म्हणजे मार्चमध्ये एवढं वाढलेलं पिल्लू असेल तर अंडी डिसेंबरात घातलेली हवीत. डिसेंबरात आमच्याकडच्या मोरघारी नुसता हिवाळा काढायला आलेल्या असतात. हा हिशेब माझ्या डोक्यात आलाही होता, तो मी मुद्दाम झटकला. मी कुठेतरी वाचलं होतं की इराणच्या आखातात आणि तांबड्या समुद्राच्या काठी मोरघारी हिवाळ्यातच अंडी घालतात. ही गोष्ट खरी आहे. तिचा हतनूरशी काही संबंध नाही, एवढंच मी बघितलं नाही.

टरबुजाच्या वाडीशेजारी जाळं सुकवत बसलेला एक म्हातारा मासेमार होता. बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, ‘‘काय पाह्यता भाऊ? तो खोपा घारीचा हाये. दरसाल राह्यतो तिथं.’’

मी म्हटलं, ‘‘नाही दादा, ही वेगळी घार आहे. मासे मारणारी.’’

‘‘मासेवाली ते बाभळीवर बसेल आहे ते. ते तिथं नुसती जेवाले येते. खोपा तिचा नाही.’’

मी मान डोलावली आणि पुढे बोलणं वाढवलं नाही. त्याला दोन पक्ष्यांतला फरक नीट ठाऊक होता, हे त्याच्या वाक्यातच होतं. तो वर्षभर त्या पाण्यावर असायचा, मी रात्रपाळी संपल्यावर तेवढा. पण माझ्याकडे टेलिस्कोप होता.

त्याच आठवड्यात मी ओळखीच्या एका बातमीदाराला हे सांगितलं. त्याने विचारलं, कुठे? मी गावाचं नाव सांगितलं, कोणत्या फाट्यावरून वळायचं ते सांगितलं, निंबाचं झाडही सांगितलं. आपल्या शोधावर विश्वास बसावा म्हणून जितका तपशील देता येईल तितका दिला. शनिवारी बातमी छापून आली. फोटो माझाच होता, बाभळीवरच्या मोरघारीचा.

स्कॉटलंडमध्ये मोरघारी जवळजवळ नाहीशा झाल्यावर १९५४च्या सुमाराला एक जोडी लॉक गार्टन या तळ्याकाठी परत आली. त्यांचं घरटं गुप्त ठेवण्याचा खूप प्रयत्न झाला, पहारे बसवले, तरी १९५८ साली अंडीचोराने रात्रीच्या अंधारात पहारा चुकवून घरटं गाठलं. तिथे नंतर सापडली ती बुटांच्या पॉलिशने रंगवलेली कोंबडीची अंडी. पुढच्या वर्षी तिथल्या पक्षीसंस्थेने पवित्रा बदलला. घरट्यापासून लांब निरीक्षणाची जागा बांधली आणि लोकांना बोलावलं, पण आखलेल्या वाटेने आणि राखणदारांच्या नजरेखाली. त्या एका मोसमात तिथे १४ हजार लोक आले आणि घरटं सुखरूप राहिलं. हा सगळा इतिहास मी त्या मार्चच्या आधी वाचलेला होता. लोकांना बोलावण्याआधी घरट्याची राखण उभी करावी लागते, हे त्यातून मला कळायला हवं होतं. मी लोकांना बोलावलं आणि रविवारी सकाळी स्वतः ड्यूटीवर होतो.

दुपारी सुटल्यावर पोहोचलो तेव्हा बांधावर मोटारसायकलींची रांग होती. टरबुजाच्या वेलांवरून लोक चालत होते आणि वाडीवाली बाई रडकुंडीला येऊन ओरडत होती. निंबाखाली पंचवीस-तीस जण असतील. एक पोरगा बांबूला मोबाइल बांधून घरट्यापर्यंत पोहोचवायच्या खटपटीत होता, दुसरा अर्ध्या झाडावर चढला होता. वर दोन घारी चिरक्या आवाजात ओरडत फेऱ्या मारत होत्या. मी धावत गेलो, खाली उतर म्हणून ओरडलो, आणि तेवढ्यात पिल्लू घरट्याच्या काठावर आलं आणि त्याने उडी टाकली.

त्याचे पंख अजून पुरते वाढले नव्हते. ते वाऱ्यावर तिरकं घसरत गेलं, पाण्याच्या कडेच्या चिखलात आपटलं आणि तिथेच फडफडत रुतलं. पोरं धावली. त्यांच्या आधी तो म्हातारा पोहोचला. त्याने खांद्यावरचा टॉवेल टाकून पिल्लू उचललं आणि माझ्यासमोर आणून धरलं. बोलला काही नाही.

मी पहिल्यांदा ते पोटाकडून पाहिलं. छाती तपकिरी, त्यावर फिकट, लांबट फराटे. शेपटी मधोमध किंचित खाचलेली, घारीची असते तशी. पाय पिवळे, बोटं बारीक. मोरघारीचा पाय एकदा पाहिला की विसरत नाही. निळसर-करडा, जाड, तळव्याला खरखरीत काटेरी खवले, आणि बाहेरचं बोट मागे वळवता येणारं, म्हणजे निसटता मासा पुढून दोन आणि मागून दोन बोटांत पकडता यावा. या पायांत त्यातलं काहीच नव्हतं. ते घारीचं पिल्लू होतं. डावा पंख कोपरापाशी मोडून लोंबत होता.

भुसावळला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पंख बांधून दिला, पण फारशी आशा दाखवली नाही. रात्री घरी खोक्यात ठेवलं, बायकोने मांसाचे तुकडे चिमट्याने देऊन पाहिले, त्याने चोच उघडली नाही. पहाटे ते गेलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याची अंडी फोडणं, घरट्याला उपद्रव देणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं. झाडावर चढलेल्या पोराचं वय सोळा असेल. त्याला झाडापर्यंत आणणारी बातमी माझी होती.

वाडीवाल्या बाईच्या वेलांची भरपाई मी दिली. तिने घेतली, पण नंतर त्या बांधावरून मला जाऊ देईना. तिचं बरोबर होतं.

चुकीचा दुसरा अर्धा भाग मला त्यानंतर कळला. जळगावला एक ज्येष्ठ स्नेही होते, शिकारी पक्ष्यांचा त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा खूप जुना. त्यांच्याकडे फोटो घेऊन गेलो. पिल्लाचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण बघत होते बाभळीवरच्या मोरघारीकडे. फोटो संगणकावर मोठा केला आणि म्हणाले, ‘‘हिला तुम्ही आई कशी केलीत? हिचा डोळा बघा.’’

डोळा नारिंगी होता. पूर्ण वाढलेल्या मोरघारीचा डोळा स्वच्छ पिवळा असतो. पिल्लाचा लालसर-नारिंगी असतो आणि पुढच्या काळात हळूहळू पिवळा होतो. त्यांनी फोटो अजून सरकवला. पंखावरच्या पिसांमध्ये दोन रंग होते. काही नवीन, गडद, आणि बाकीची उन्हाने विटलेली, झिजलेली. त्या विटलेल्या पिसांपैकी दोन-तीनच्या टोकाला फिकट कडेचा अगदी बारीक अवशेष राहिला होता. ‘‘खवले होते,’’ ते म्हणाले, ‘‘झिजून गेलेत. गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली आहे ही. वर्षाचीसुद्धा नाही.’’

मोरघार साधारण तीन ते पाच वर्षांची झाल्याशिवाय पहिलं घरटं करत नाही. म्हणजे मी घारीच्या पिल्लाला मोरघारीचं पिल्लू ठरवलं होतं, आणि मोरघारीच्या कोवळ्या पोरीला त्याची आई. एका टोकाला जात चुकली होती, दुसऱ्या टोकाला वय.

त्यानंतर मी ही ओळख पहिल्यापासून शिकलो. घरट्यावर मोरघारीचं पिल्लू आणि मोठा पक्षी ओळखणं खरं तर सोपं असतं. ज्या देशांत घरटी आहेत तिथे शाळेतली मुलंही ओळखतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लावर फिकट लव असते आणि पाठीवर पांढरट पट्टा. दहा-बारा दिवसांनी ती लव जाऊन गडद करडी येते, तेव्हा पिल्लू सरपटणाऱ्या प्राण्यासारखं दिसतं. आई-बापांनी धोक्याचा आवाज काढला की पिल्लं घरट्यात सपाट पडून राहतात आणि त्या रंगामुळे काटक्यांत दिसेनाशी होतात. पिसं फुटली की पाठीवर ते स्पष्ट खवले येतात, आणि उडायला लागल्यावरही ती काही दिवस घरट्यावर परतून मासा मागत राहतात.

आपल्याकडे प्रश्न वेगळा असतो. इथे येते ती आई-बापांशिवाय आलेली, पहिल्या प्रवासाची मोरघार. आई पिल्लांच्या आधीच निघून गेलेली असते. वाट कुणी दाखवत नाही. ऑक्टोबरमध्ये नकाणे तलावावर अशी एक मी सावकाश पाहिली, तलावाच्या भिंतीवरून, सकाळचं ऊन माझ्या पाठीशी असताना. पाठीच्या प्रत्येक पिसाला स्वच्छ, रेखीव, पांढरट कड. छातीवर आणि पंखाखाली मातकट पिवळसर छटा. ती उडाली तेव्हा पंखाची मागची कड अखंड आणि सरळ दिसली, कुठे खाच नाही, कारण सगळी पिसं एकाच वेळी, एकाच घरट्यात उगवलेली होती. त्याच तलावावर दुसरी होती, तिच्या पंखात मधली दोन पिसं गळलेली, शेजारी अर्धी वाढलेली. ती मोठी. मोठ्या पक्ष्याची पिसं थोडी थोडी झडून नवी येत राहतात, म्हणून पंखाची कड क्वचितच सलग असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हा फरक नवख्यालाही दाखवता येतो.

पुढे मात्र दिवसेंदिवस फरक पुसत जातो. फिकट टोकं झिजतात. जानेवारीनंतर कोवळीही पिसं टाकायला लागते, त्यामुळे पंखाच्या कडेवरून निवाडा करता येत नाही. फेब्रुवारी-मार्चला नेमका डोळ्याचा रंगच आधाराला उरतो, आणि हलत्या हवेत, टेलिस्कोपमधून, पाण्यापलीकडच्या पक्ष्याच्या डोळ्याचा रंग सांगायला मी अजूनही धजत नाही. छातीवरचा तपकिरी पट्टा बघून वय सांगणारे भेटतात. तो पट्टा बहुधा मादीत ठळक असतो, नरात पुसट. त्याचा वयाशी फारसा संबंध नाही.

आणि मे महिन्याचं कोडंही तिथेच सुटलं. पहिल्या वर्षाची मोरघार वसंतात परत जातच नाही. जिथे हिवाळा काढला तिथेच तिचा पहिला उन्हाळाही जातो, बहुतेकदा पुढचा हिवाळाही. दीड-दोन वर्षांची झाल्यावर ती प्रथम उत्तरेला निघते. हतनूरला ४५ अंशांत मासे मारत बसलेली मोरघार घरट्यासाठी थांबलेली नव्हती. तिला जायचं वयच आलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी ‘वीण?’ लिहीत होतो त्या प्रत्येक नोंदीचा खरा अर्थ उलटा होता : पक्षी अजून वीण करण्याजोगा नाही.

हे मला फार मोठं वाटतं, आजही. हतनूरला घरटं नाही, पण या पक्ष्याच्या आयुष्यातलं सगळ्यात कच्चं वर्ष इथे जातं. मासा कुठल्या पाण्यात मारायचा, वाऱ्यात कसा धरायचा, घारींपासून कसा वाचवायचा, हे ती तापीवर शिकते. कडक उन्हाळ्यात पाणी किती उरतं, जाळी किती लागतात, काठावरची वाळलेली झाडं तोडली जातात की राहतात, यावर ती परत जाईल की नाही हे ठरतं. मी घरटं शोधत होतो तेव्हा ही गोष्ट माझ्या वहीत पानोपानी लिहिलेली होती.

त्या दैनिकाला मी खुलासा पाठवला. आतल्या पानावर चार ओळींत आला, फोटोशिवाय. मूळ बातमी मात्र कात्रण होऊन फिरत राहिली. दर एक-दोन वर्षांनी ती कुठल्यातरी व्हॉट्सअॅप गटात येते आणि रावेरचा किंवा शिरपूरचा एखादा मुलगा मला फोन करून विचारतो की हतनूरचं मोरघारीचं घरटं कुठे आहे. मी त्याला सगळं सांगतो, मासेमाराने काय सांगितलं होतं त्यासकट. कुणी खरंच कुठलं घरटं सापडलं म्हणून फोन केला तर जागा विचारत नाही. पिल्लाचं पोट पाहिलंस का, आणि झाडावर कोण कोणावर झेपावत होतं, एवढं विचारतो.

घारींची ती जोडी पुढच्या वर्षी निंबावर आली नाही. मासेमार सांगत होता की वरच्या अंगाला पिंपळावर गेली. मी ते तपासायला गेलो नाही.

वहीतल्या जुन्या नोंदी मी निवृत्तीनंतर पुन्हा काढून बसलो. ज्यांचे फोटो होते त्यांतल्या मे-जूनच्या मोरघारी पहिल्या वर्षाच्याच निघाल्या, त्या तशा दुरुस्त केल्या. ज्यांचे फोटो नाहीत तिथे ‘मोठी’ हा शब्द खोडून वयाच्या रकान्यात ‘अनिश्चित’ लिहिलं आहे. त्यांत फेब्रुवारी-मार्चच्या पुष्कळ आहेत. त्या आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाहीत.